चहाला बंदी, कोकला परवानगी

सदर : रेक्टरबाईंना विचारा

मागच्या अंकात हॉस्टेलच्या गेटच्या वेळेवर मी चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग पडला. त्यातली बहुतेक ‘बाई, तुम्ही फार कडक’ आणि ‘बाई, तुम्ही फार सैल’ या दोनच जातींची. ती बाजूला ठेवली. ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या एका आईच्या पत्राने मात्र दोन रात्री झोपू दिलं नाही, म्हणून या वेळची बरीचशी जागा त्यांना.

प्रश्न : बाई, माझी मुलगी यंदा बारावी झाली. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती युनिव्हर्सिटीत तिला प्रवेश मिळालाय, जवळजवळ निम्मी फी माफ. आम्ही पेढे वाटले आणि आठवड्याने ईमेलवर त्यांची आचारसंहिता आली. तिच्यावर सही केल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. दारू नाही, कॅम्पसबाहेर नाही आणि एकविशी उलटली तरीही नाही. लग्नाआधी शरीरसंबंध नाहीत. मुलांनी मुलींच्या खोलीत यायच्या वेळा ठरलेल्या. आठवड्यातून दोनदा चॅपल, म्हणजे त्यांची प्रार्थनासभा, त्याची हजेरी कार्ड स्वाइप करून. सासूबाई म्हणतात, ‘दारू नाही, पोरं नाहीत, वर देवाचं नाव. याहून चांगलं कॉलेज कुठलं?’ आमच्या ह्यांना वाटतं, पोरगी बाटून येईल. आणि मुलगी म्हणते, ‘मम्मी, सगळेच टिक करून टाकतात, कोण बघतंय!’ मला तिघांचंही पटतं आणि तिघांचंही टेन्शन येतं. काय करू?
— एक आई, पाचपाखाडी

उत्तर : ताई, ‘बाटून’ हा शब्द तुम्ही वसईच्या एका ख्रिस्ती बाईला लिहिलात आणि खोडलाही नाहीत. त्यामुळे तुमचं पत्र मला एकदम खरं वाटलं. राग आलेला नाही. सत्तावीस वर्षं मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर होते मी. हा शब्द फाटकापाशी उभ्या असलेल्या कितीतरी वडिलांच्या तोंडी ऐकलाय, बऱ्याचदा मुलीची ट्रंक खाली ठेवता ठेवता.

तिघांपैकी मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तुमच्या मुलीच्या वाक्याची. त्याकडे येतेच. आधी साहेबांची भीती उरकू.

ती भीती आजची नाही. १८९३ साली पुण्यात, ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात, म्हणजे मुलींच्या आणि विधवांच्या वसतिशाळेत, याच कारणावरून रण माजलं होतं. रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली जाऊन बसतात, असा बोभाटा झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच्या दहा वर्षं आधीची दुसरी गोष्ट तर आपल्या कल्याणच्या लेकीची, आनंदीबाई जोश्यांची. गोपाळराव जोश्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, तर आधी ख्रिस्ती व्हा असा सल्ला आला. हा पत्रव्यवहार तिकडच्या मासिकात छापून आला, न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी वाचला आणि धर्माची अट न घालता मदतीला हात पुढे केला. निघण्यापूर्वी १८८३ साली आनंदीबाईंनी सेरामपूर कॉलेजात, म्हणजे मिशनऱ्यांच्याच वास्तूत, भाषण करून सांगितलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तशाच आल्या, डॉक्टर होऊन. सल्ला देणारा ख्रिस्ती आणि अट न घालता घरात घेणारीही ख्रिस्तीच, एवढं साहेबांना माझ्या वतीने सांगा.

आता चॅपल. सक्तीचं चॅपल म्हणजे तिथे बसणं सक्तीचं, मानणं नव्हे. बऱ्याच ठिकाणी तासभर गाणी, एखादं प्रवचन, कधी बाहेरचा पाहुणा. तुमची मुलगी शाळेत दहा वर्षं प्रार्थनेला उभी राहिली असेल, त्यातली किती मिनिटं तिचं लक्ष देवाकडे होतं ते तिलाच विचारा. मात्र एक गोष्ट नीट तपासा. काही ख्रिस्ती कॉलेजं कुठल्याही धर्माच्या मुलांना घेतात आणि फक्त वागणुकीची हमी मागतात. काही ठिकाणी मात्र विद्यार्थ्याने स्वतः ख्रिस्ती श्रद्धेच्या निवेदनाखाली सही करायची असते. ‘मी दारू पिणार नाही’ आणि ‘मी अमुक मानते’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यावर तुमची मुलगी प्रामाणिकपणे सही करू शकते. दुसऱ्यावर नाही, आणि करूही नये. माझ्या देवाला खोटी सही नको आहे, एवढं मी खात्रीने सांगते.

‘ख्रिस्ती’ या एका पाटीखाली तिकडे केवढी भेळ आहे, तेही बघा. इंडियानातलं नोत्र दाम कॅथलिक. तिथे चॅपलची हजेरी नाही, थिऑलॉजीचे, म्हणजे धर्मशास्त्राचे, दोन विषय मात्र सगळ्यांना, आणि मुलामुलींनी एकमेकांच्या हॉलमध्ये थांबायची मुदत रात्री बारापर्यंत, शुक्रवार-शनिवारी दोनपर्यंत. (रात्री दोन! आमच्या सिस्टर सुपिरिअरनी हे ऐकून क्रूसाची खूण केली असती.) शिकागोजवळचं व्हीटन कॉलेज १८६० सालचं, तिथे विद्यार्थ्यांना नाचाची परवानगी मिळाली २००३ साली. टेक्सासच्या बेलरमध्ये कॅम्पसवर पहिला नाच १९९६ साली झाला. आणि युटातलं ब्रिगहॅम यंग, मॉर्मन लोकांचं. ते ख्रिस्ती की नाहीत यावर इतर चर्चेस वाद घालतात, मी त्यात पडत नाही. तिथे दारू-तंबाखूबरोबर चहा-कॉफीलाही बंदी. मुलांनी दाढी ठेवायची नाही. आणि नियम पाळतो आहे, असं धर्मगुरूचं प्रशस्तिपत्र दर वर्षी नव्याने. मॉर्मन नसलात तरी ते चुकत नाही. कॅम्पसवर कॅफिनवालं कोक २०१७ पासून विकत मिळतं, चहा अजून नाही. ठाण्याच्या मुलीला चार वर्षं चहाशिवाय! चॅपलपेक्षा मला याचंच जास्त वाईट वाटतं.

हे नियम घटनाबाह्य नाहीत का, असं तुमच्या शेजारचे कोणी वकील विचारतील. अमेरिकेच्या घटनेतलं भाषण आणि धर्माचं स्वातंत्र्य सरकारला बांधतं. खाजगी युनिव्हर्सिटी सही घेऊन आपले नियम लावू शकते. पण तिलाही किंमत मोजावी लागते. साउथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स युनिव्हर्सिटीत गोऱ्या-काळ्या मुलामुलींनी एकत्र फिरायला बंदी होती, तीही बायबलच्या नावावर. त्यापायी तिची करसवलत गेली, १९८३ साली सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं, तरी नियम उठायला २००० साल उजाडलं. कॅनडातल्या ट्रिनिटी वेस्टर्नने लग्न आणि शरीरसंबंधांबद्दलची हमी सगळ्यांकडून घ्यायचा आग्रह धरला. तिच्या नियोजित लॉ स्कूलला मान्यता नाकारायचा वकील संघटनांचा अधिकार तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१८ साली मान्य केला. दोनच महिन्यांनी युनिव्हर्सिटीने विद्यार्थ्यांसाठी ती हमी ऐच्छिक केली. म्हणजे हे नियम काही देवाच्या दहा आज्ञांसारखे सिनाय पर्वतावरून उतरलेले नाहीत. माणसांनी लिहिलेले आहेत आणि माणसं ते बदलतात. मुलीने सही करताना यंदाची प्रत पीडीएफ करून ठेवावी.

आता मुलीचं ‘कोण बघतंय’. ताई, इथे येऊरच्या डोंगरावर चोरून जाऊन आलं की फार तर घरी बोलणी बसतात. तिकडे ती एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर असेल. आचारसंहितेवरून सस्पेंड झाली किंवा काढून टाकली, तर युनिव्हर्सिटीला ते सरकारी प्रणालीत नोंदवावं लागतं आणि तिचं तिथलं राहणंच अडचणीत येतं. शेजारच्या खोलीतल्या अमेरिकन मुलीने तीच बिअर प्यायली तर ती घरी जाईल आणि दुसरं कॉलेज शोधेल. तुमची मुलगी थेट विमानतळावर. शिवाय फी-माफी बहुधा वागणुकीशी बांधलेली असते, ते कलम वेगळ्या कागदावर असतं. तो कागद मागवून घ्या.

आणि ‘कोण बघतंय’ म्हणून केलेली सही रोज सोबत राहते. मित्राबरोबर एक रात्र राहिली, काहीच घडलं नाही, तरी तिच्या डोक्यावर टांगती तलवार. इथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती मला भूषणावह नाही.

नव्वदच्या दशकातली. आमचं गेट रात्री आठला बंद व्हायचं. उशीर झाला की टेबलावरच्या रजिस्टरमध्ये वेळ आणि कारण लिहायचं. तीन उशीर झाले की घरी पत्र. बीएस्सीची एक मुलगी, आधीचे दोन उशीर झालेले, तिसऱ्यांदा पावणेनऊला आली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘गाडी लेट’. मी चष्म्यावरून वर पाहिलंसुद्धा नाही. सही केली, दुसऱ्या दिवशी तिच्या घरी पत्र टाकलं. चार दिवसांनी तिच्या मैत्रिणीने येऊन सांगितलं की त्या रात्री स्टेशनच्या जिन्यावर एका माणसाने तिला धरलं होतं. ती कशीबशी सुटून पळत आली होती, ओढणी तिथेच राहिली. मी तिला बोलावलं, म्हटलं, ‘अगं, मला का नाही सांगितलंस?’ ती म्हणाली, ‘मिस, तुम्ही आधी रजिस्टर पुढे केलंत.’

त्या दिवसापासून रजिस्टर टेबलावरून उचललं आणि कपाटात ठेवलं. उशिरा येणारीला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, चहा टाकायचा. रजिस्टर सकाळी. कमिटीने मला दोनदा विचारलं की शिस्त ढिली का झाली. झाली असेल.

म्हणून तुमच्या मुलीला माझं एकच काम सांगा. सही करण्याआधी तिने, तुम्ही नव्हे, तिने स्वतः युनिव्हर्सिटीला ईमेल करावा आणि विचारावं : एखाद्या विद्यार्थिनीवर अत्याचार झाला आणि त्या वेळी ती दारू प्यायलेली होती, किंवा नसत्या वेळी मुलाच्या खोलीत होती, तर तक्रार केल्यावर तिच्यावरच कारवाई होईल का? ब्रिगहॅम यंगमध्ये नेमका हाच प्रश्न पेटला होता. अत्याचाराची तक्रार घेऊन गेलेल्या मुलींची आचारसंहितेखाली उलटतपासणी होते, असं तिथल्या मुली उघडपणे बोलल्या. २०१६ साली युनिव्हर्सिटीने धोरण बदललं आणि तक्रार करणारीला त्या प्रसंगातल्या नियमभंगाबद्दल शिक्षा नाही, असं लिहून दिलं. लिहून दिलं, हे महत्त्वाचं. तुमच्या मुलीच्या युनिव्हर्सिटीकडेही असं कलम असेल तर ते दुव्यासकट पाठवतील. ‘आमच्याकडे असं काही होत नाही, आम्ही एक कुटुंब आहोत’ असं गोडगोड उत्तर आलं तर मी माझ्या भाचीला तिथे पाठवणार नाही. निम्मी काय, पूर्ण फी माफ असली तरी.

हातासरशी आणखी दोन प्रश्न त्याच ईमेलमध्ये जाऊ देत. चॅपल चुकवायला किती वेळा मुभा आहे, आणि कॅम्पसबाहेर राहणाऱ्यांना ते लागू आहे का? दिवाळीत पणत्या लावायच्या असतील, घरचा गणपतीचा फोटो टेबलावर ठेवायचा असेल तर हरकत आहे का? पणत्यांना नाही म्हणतील, पण ते आगीच्या नियमामुळे. तिकडच्या हॉस्टेलात मेणबत्तीही सहसा चालत नाही. त्यावरून कोणी धर्माचं भांडण काढू नका.

सासूबाईंना काय सांगायचं? नियमांनी पोरगी सांभाळली जाईल, असं त्यांना वाटतं. त्यांना सांगा की अठरा पूर्ण झाली की तिकडच्या १९७४च्या कायद्यानुसार मुलीचे मार्क, हजेरी, शिक्षा यांचा कागद तिच्या परवानगीशिवाय आई-वडिलांना सहसा मिळत नाही. एकविशीच्या आत दारू किंवा ड्रग्जचं प्रकरण झालं तर युनिव्हर्सिटी घरी कळवू शकते, पण कळवलंच पाहिजे असं नाही. म्हणजे तुम्हाला जे कळेल ते मुलगी सांगेल तेवढंच. ती तुम्हाला किती सांगते, याचा अंदाज तिच्या निघण्याआधी घ्या. दोघी तलावपाळीला एक चक्कर मारून या, ह्यांना आणि सासूबाईंना घरी ठेवून. तिथे तिला विचारा, ‘यातला कुठला नियम तू मोडशील?’ आणि उत्तर काहीही आलं तरी चालता चालता थांबू नका.

प्रश्न : मी नेरूळचा. दक्षिणेतल्या एका ख्रिस्ती अभिमत विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. इथे आयकार्ड गळ्यात नसलं तर दंड, शॉर्ट्स घातली तर गेटवरून परत, हजेरीचं तर विचारूच नका. त्याचं काही नाही, पण सकाळच्या प्रार्थनेत मी हात जोडत नाही म्हणून मेंटरने घरी फोन केला. मी नास्तिक आहे. माझ्यावर सक्ती करता येते का?
— एक विद्यार्थी, नेरूळ

उत्तर : नाही, बाळा. घटनेचं कलम २८, पोटकलम ३ वाच. सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. वय अठराच्या आत असेल तर पालकाची संमती लागते. तू अठरा पूर्ण आहेस, म्हणजे घरी केलेल्या फोनने तुझी संमती मिळत नाही. पण प्रवेशाच्या वेळी सही केलेला कागद काढून बघ. ‘संस्थेच्या प्रार्थनेत सहभागी होईन’ असं त्यात कुठे असेल, तर ती संमती तूच देऊन बसला आहेस. मग लेखी अर्ज करून ती मागे घे. नम्र भाषेत, प्राचार्यांच्या नावाने, पोच घेऊन.

आणि एक. १९८६ साली केरळातल्या तीन शाळकरी भावंडांचा खटला सुप्रीम कोर्टात गाजला. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत, म्हणून शाळेने काढलं होतं. कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. तूही तसंच कर. उभा राहा, गप्प राहा, हात खाली. मोबाईल मात्र खिशात. नास्तिकांना प्रार्थनेच्या वेळी रील बघायचा हक्क आहे, असं कुठल्याही कलमात नाही.

शॉर्ट्सबद्दल घटना तुझ्या मदतीला येणार नाही. पँट घाल.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत अशाच एका कॉलेजात आहे. त्यांच्या संहितेत लिहिलंय की सोबत्यांनाही नियम पाळायला प्रवृत्त करावं. रूममेट खोलीत बिअर आणतो. मुलाने सांगावं की गप्प बसावं?
— एक वडील, चरई

उत्तर : प्रवृत्त करणं म्हणजे चुगली करणं नव्हे. मुलाने रूममेटला तोंडावर सांगावं : ‘तू काय पितोस तो तुझा प्रश्न, पण खोलीत सापडली तर माझा व्हिसा जाईल. बाहेर ठेव.’ दोन वेळा सांगूनही ऐकलं नाही तर मुलाने खोली बदलून मागावी. कारण ‘पटत नाही’ एवढंच पुरे. मात्र तो पोरगा कधी पिऊन बेशुद्ध पडला, उठवून उठत नसला, तर आचारसंहिता गेली खड्ड्यात. लगेच ९११ला, म्हणजे तिकडच्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन. तिथे विचार करत बसायचं नाही आणि तुम्हाला ठाण्याला फोन करून विचारायचंही नाही, हे त्याला आजच सांगून ठेवा.

प्रश्न : ही तर आपली गुरुकुल पद्धतच झाली! आपल्या विद्यापीठांनीही प्रत्येक विद्यार्थ्याकडून आणि पालकाकडून असं लेखी हमीपत्र का घेऊ नये?
— एक निवृत्त शिक्षक, कोपरी

उत्तर : सर, घेतात की. २००९च्या यूजीसी नियमांपासून रॅगिंग करणार नाही, असं हमीपत्र विद्यार्थ्याचं एक आणि पालकाचं एक, अशी दोन द्यावी लागतात. माझ्याकडे दर जूनमध्ये त्यांचा गठ्ठा यायचा. वडिलांच्या सहीतला ‘र’ आणि मुलीच्या सहीतला ‘र’ एकाच वळणाचा, एकाच निळ्या पेनाने काढलेला, असे कागद मी वेगळे काढत असे. एका वर्षी वेगळ्या काढलेल्यांचा ढीग मोठा झाला.